छावणीतली तार

पंचशीलानं बैलाच्या छातीभोवती टेप गुंडाळली, तशी छावणीतली माणसं हातातली कामं सोडून बघायला लागली.

"काय गं पोरी, अंगरखा शिवून राहिली का बैलाला?" सिद्रामप्पानं विचारलं. बैल त्याचाच होता.

"हाव आप्पा. कापड तेवढं तुम्ही द्या. शिलाई मी घेत न्हाई."

माणसं हसली. कडबाकुट्टीच्या चाकाला हात लावून उभा असलेला पंढरीही हसला, पण त्यानं तोंड दुसरीकडं फिरवलं. लेकीचं कौतुक चारचौघांत दिसू देऊ नये असं त्याला वाटायचं. त्याची बायको चांगुणा असती तर तिनं दिसू दिलं असतं.

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. लातूर जिल्हा नवाच झालेला. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ताजा होता आणि जळकोटकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात जिल्हा म्हणून अजून उस्मानाबादच यायचं. त्या नव्या जिल्ह्यानं गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी घातली होती. आसपासच्या गावांतली जनावरं तिथं दाव्याला बांधलेली. बहुतेक देवणी वाणाची, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, एरवी अंगानं भरलेली. आता त्यांच्या पाठीच्या हाडांवर कावळे बसायचे आणि त्यांना शेपटीनं हाकलायचंही जनावरांच्या जिवावर यायचं.

चारा परमुलखातून यायचा. उदगीर स्टेशनात मालगाडीच्या वाघिणींतून दाबून बांधलेले गवताचे गठ्ठे उतरायचे, तिथून ट्रकनं छावणीत. गठ्ठ्याला लोखंडी तार असायची. त्या तारेवर सगळ्यांचा डोळा. छप्पर आवळायला, कुंपणाला, कपडे वाळत घालायला तारेसारखी चीज नव्हती. गठ्ठा खाली पडला की माणसं तारेचा पीळ कुऱ्हाडीनं तोडून टाकायची आणि सरळ तार वेटोळं करून घरी न्यायची. पंढरीच्या दारातही दोन मेढींना अशीच तार ताणलेली होती. तिच्यावर त्याच्या आईचं, धुरपताबाईचं लुगडं वाळायचं.

पंढरी छावणीत मजुरीला होता. गठ्ठे फोडायचे, कुट्टी करायची, टोपल्यानं दावणीत टाकायची. त्याची स्वतःची एकच गाय तिथं होती, शेवरी. ती चांगुणाची. माहेरहून वासरू आणलं होतं, तिनंच वाढवलं होतं. दिवाळीच्या तोंडाला चांगुणाला नांदेडच्या दवाखान्यात नेली, ती परत आली नाही. तेव्हापासून शेवरी कोणाला कासेला हात लावू देईना. लाथा मारायची. शेवटी पंढरीनं चांगुणाचं जुनं लुगडं खांद्यावरून घेतलं आणि गाईखाली बसला. वासानं गाय गप उभी राहिली. छावणीतही तो तसाच बसायचा. तांब्याचं बूड झाकेल एवढंच दूध निघायचं. सुरुवातीला कोणी कोणी "पंढरीबाई, धार झाली का?" म्हणून विचारायचं. तो धार काढत राहायचा. मग विचारणारेच थांबले.

पंचशीला परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजनं निवडक मुलांना संशोधनाचं काम दिलं होतं. आपापला विषय घ्यायचा, सुट्टीभर काम करायचं आणि कॉलेज उघडलं की सगळ्यांसमोर उभं राहून काय सापडलं ते सांगायचं. बाकीच्यांनी प्रयोगशाळेतली कामं घेतली. पंचशीलानं छावणी मागितली. दुष्काळात देवणी जनावर किती तग धरतं आणि कशानं खचतं, हे तिला बघायचं होतं.

"गाव जवळ आहे म्हणून मागतेस का?" सरांनी विचारलं होतं. "घरी राहून काम होत नसतं."

"घरी नाही सर. छावणीत राहीन," ती म्हणाली होती.

आणि खरंच ती दिवस उगवायच्या आधी माळावर असायची. जनावरांची छाती मोजायची, ताप बघायची, शेण हातात घेऊन बघायची, कानाला नळ्या लावून पोट ऐकायची.

वैशाखात जनावरं मरायला लागली.

उपासानं जनावर हळूहळू झिजत जातं. ही तशी मरत नव्हती. चांगलं खाणारं जनावर एकाएकी वैरण सोडायचं. पाठीची कमान करून, कोपरं बाहेर काढून उभं राहायचं. उतारावरून चालायला नको म्हणायचं. बसताना कण्हायचं. मग गळ्याखाली लोंबणारी कातडीची पोळी सुजायची आणि जनावर जायचं. कोणी म्हणालं, टँकरचं पाणी बाधलं. कोणी मरीआईला नारळ फोडून आलं. सरकारी डॉक्टर एकटेच आणि छावण्या पुष्कळ. ते यायचे, इंजेक्शन द्यायचे, कपाळावरचा घाम पुसायचे, जायचे.

एके सकाळी सिद्रामप्पाचा तो टेप लावलेला बैल मेला.

सिद्रामप्पा कुट्टीपाशी आला. मोठा शेतकरी. गळ्यात लिंग, डोक्याला फेटा. रात्रभर रडलेला दिसत होता, पण आवाज नेहमीचाच होता.

"पंढरी, तुमच्यातले चौघं घे आन् बैल वढ्याकडं घेऊन जा. ऊन व्हायच्या आत."

"आमच्यातलं कोणी येणार न्हाई, आप्पा. तुमालाबी ठावं हाय."

"जुनं झालं की ते आता."

"तुमाला झालं आसंल."

पंढरी लहान होता तेव्हाची गोष्ट. त्याच्या बापानं धम्म घेतला त्या साली वस्तीनं मिळून ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही, सोलायचं नाही, खायचं नाही. बापानं सोलायची सुरी सगळ्यांदेखत विहिरीत टाकली. गावानं मग वस्तीचं काम बंद केलं, पाणी बंद केलं, दुकानदार मीठ देईना. सगळी वस्ती हिवाळाभर अळणी जेवली. पण ढोराला कोणी हात लावला नाही. बाकी सगळं पंढरी विसरला असता, ती अळणी आमटी त्याच्या जिभेवर अजून होती.

सिद्रामप्पा पाय आपटत निघून गेला. पंढरीनं टोपलं उचललं. मागं पंचशीला उभी होती.

"आबा, तो बैल मला उघडून बघायचाय."

पंढरीनं टोपलं खाली ठेवलं.

"काय म्हन्लीस?"

"पोट फाडून बघितल्याबिगर कळणार न्हाई कशानं मरून राहिलेत. कॉलेजात करतोच की आम्ही. टेबलावर."

"मंग टेबलावर कर. हितं न्हाई."

"मरून तर हितं राहिलेत, आबा."

दुपारी घरात कोणी नीट जेवलं नाही. धुरपताबाईनं भाकरी वाढली आणि चुलीकडं तोंड करून बोलायला लागली.

"तुज्या आज्यानं सुरी टाकली तवा म्या हिरीच्या काठावर उभी होते. आवाज आला पाण्याचा. आन् त्याची नात आता गावापुढं बसून ढोर फाडनार."

"आजी, ही ती सुरी न्हाई."

"सुरी ती सुरीच. बगनाऱ्याला काय दिसंल? पंढरीची लेक ढोर फाडून राहिली. एवढी शिकली आन् फिरून तितंच आली."

पंचशीलाचं तोंड उतरलं. ती भाकरीचा तुकडा मोडत बसली.

"तुजे सर काय म्हन्ले?" पंढरीनं विचारलं.

"सकाळी पोस्टातून फोन लावला. म्हणाले, दवाखान्याच्या डॉक्टरांना संगं घे, पण उघडून बघ. न बघता अंदाज सांगू नको. डॉक्टर हाव म्हन्लेत. दुपारून येतेत."

"आन् न्हाई बघितलं तर?"

"तर सुट्टी संपली की जाईन. सगळ्यांपुढं उभी राहीन आन् सांगीन, जनावरं मेली. कशानं, ते म्हाईत न्हाई."

पंढरीनं पाण्याचा तांब्या पुढं ओढला.

"आन् आबा, शेवरीनं आज वैरण टाकली. अर्धी तशीच हाय."

ते त्यानं पहाटेच बघितलं होतं. गाय बसताना कण्हली, तेही ऐकलं होतं. त्यानं ते कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की खरं होईल असं त्याला वाटत होतं. चांगुणाच्या वेळीही त्यानं असंच केलं होतं. नुसता खोकला आहे, म्हणत राहिला होता.

तो ताटावरून उठला.

"कुठं चाल्ला? भाकर टाकून?" धुरपताबाई म्हणाली.

"येतो."

सिद्रामप्पा बाभळीच्या तुटक्या सावलीत बैलाजवळ बसून कावळे हाकत होता. पुतण्या सिद्धलिंग बाजूला उभा. दोघांनाही काय करावं सुचत नव्हतं. शेजारी जोडीतला दुसरा बैल बांधलेला होता. त्याच्याही पाठीची कमान झाली होती.

"आप्पा," पंढरी म्हणाला, "माझी लेक तुमचा बैल उघडून बघनार हाय. डॉक्टर म्हणून. सायेब बी यून राहिलेत."

"बघू दे की. म्या कुठं न्हाई म्हन्तो?"

"आयका पुढं. कातडं निघनार न्हाई. बैल हाय तसा खड्ड्यात जाईल, वरून चुना पडंल. ती फकस्त सुरी धरनार. वढायचा तुमी. पाय धरायचे तुमी. खड्डा बी तुमचाच. माझ्या घरचं आन् माझ्या वस्तीतलं दुसरं कोणी हात लावनार न्हाई."

सिद्रामप्पा उठून उभा राहिला.

"मी? मेल्या ढोराचे पाय? गळ्यात लिंग हाय माझ्या, पंढरी."

"पोळ्याला त्याचे खूर कोण धुत होतं, आप्पा? तुमीच. धुऊन डोकं टेकत होता. पाय तेच हायत."

वारा नव्हता. दुसरा बैल बसायला गेला, कण्हला आणि तसाच उभा राहिला. सिद्रामप्पानं त्याच्याकडं बघितलं. मग लिंगाची डबी सदऱ्याच्या आत सारली.

"शिद्ध्या, फावडं आण."

"काकी काय म्हनंल?" सिद्धलिंग म्हणाला.

"मल्लम्माला मी सांगतो. तू फावडं आण."

डॉक्टर आले तोवर माळावर रिंगण झालं होतं. पंचशीलानं केस घट्ट बांधले, रबरी हातमोजे घातले, समोर रबरी कापड बांधलं. सिद्रामप्पानं मागचा पाय धरला आणि तोंड फिरवून डोळे मिटले. सिद्धलिंगानं पुढचा पाय धरला. पंढरी जरा अंतरावर, हात मागं बांधून, ताठ उभा राहिला.

सुरी चालायला लागली. वास आला तशी पुढची माणसं मागं सरली. गर्दीतून कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, "शेवटी हात त्योच की."

पंचशीलाची सुरी क्षणभर थांबली.

सिद्रामप्पानं डोळे उघडले. "कोण बोललं रे ते? हिकडं ये. पाय म्या धरलाय. दुसरा पाय मोकळा हाय, तू धर."

कोणी पुढं आलं नाही. सुरी पुन्हा चालू झाली.

ती डॉक्टरांना हळू आवाजात काहीतरी दाखवत होती. हे जाळीचं पोट. हे छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला चिकटलंय. हृदयाभोवतीची पिशवी टच्च फुगलेली. तिला सुरी लावली तसं घाण, पिवळं पाणी भळाभळा बाहेर आलं. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला. तिनं कोपरापर्यंत हात आत घातला, बोटांनी चाचपलं आणि काहीतरी ओढून काढलं. बादलीत बुडवून धुतलं. मग उठून सिद्रामप्पाच्या तळहातावर ठेवलं.

बोटभर तार होती. काळी पडलेली. एका टोकाला पीळ, दुसरं टोक तिरपं तुटलेलं, कुऱ्हाडीनं तुटतं तसं.

"वैरणीसंगं पोटात गेली," पंचशीला म्हणाली. "तिथून पुढं काळजात घुसली. जनावर चावून खात न्हाई, आप्पा. गिळतं आन् मंग रवंथ करतं. त्याला तार कळत न्हाई."

सिद्रामप्पानं तार बाजूच्या माणसाला दिली. त्यानं पुढच्याला. सगळं रिंगण फिरून ती पंढरीकडं आली. कोणी कोणाकडं बघत नव्हतं. प्रत्येकाच्या छपराला, कुंपणाला ती तार होती आणि प्रत्येकानं तिचा पीळ तोडून गवतात टाकला होता. पंढरीला आपल्या दारातलं वाळणारं लुगडं आठवलं.

तो घरी आला तेव्हा धुरपताबाई दारात होती. तिला सगळं आधीच कळलं होतं. पंचशीला मागून आली.

"साबनानं धुतले का हात?" म्हातारीनं विचारलं.

"हाव आजी. दोनदा."

"आनखी एकदा धू. आन् जेव. सकाळपून तशीच हाईस."

पोरगी जेवायला बसली तशी धुरपताबाई बाहेर गेली, मेढीची तार सोडली, तिचं वेटोळं करून पंढरीच्या पायाशी टाकलं आणि सुतळी बांधून तिच्यावर लुगडं वाळत घातलं.

दुसऱ्या दिवशी पंचशीला जळकोटला मकबूलभाईच्या दुकानात गेली. त्याचं लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पंढरी सोबत होता.

"चाचा, फुटक्या भोंग्यातले लोहचुंबक पाहिजेत. हायत तेवढे."

"कायला, बेटी?"

तिनं सांगितलं. मकबूलभाईनं पोतंच ओतलं. "दुष्काळात कोणाची वरात निघून राहिली? भोंगे गप पडलेत सगळे. घेऊन जा. माझी बी म्हैस तितंच हाय."

मोठे गोल चुंबक तिनं एका फळीला ठोकून घेतले आणि ती फळी कुट्टी पडते तिथं तिरपी लावली. पहिलं टोपलं फळीवरून गेलं आणि चुंबकांना साळिंदराच्या काट्यांसारख्या तारा उभ्या राहिल्या. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. त्यानंतर कोणी कुऱ्हाड लावली नाही. पीळ हातानं उलगडायचा, ही छावणीची रीतच झाली.

राहिली शेवरी. जुन्या रेडिओच्या भोंग्यातला बोटाएवढा चुंबक पंचशीलानं कानशीनं घासून गुळगुळीत केला. डॉक्टरांनी बघून मान हलवली, इंजेक्शनं सुरू केली. तिनं गाईचा जबडा उघडून चुंबक घशाशी सोडला.

"तार पुढं सरकलेली नसंल तर हा धरून ठेवतो," ती म्हणाली. "पण पुढचे पाय उंचावर पाहिजेत. तार मागं यायला. वाचंलच असं न्हाई, आबा. मी खोटं सांगत न्हाई."

"वाचंलच म्हन असं म्या कुठं म्हन्लो?"

त्यानं टिकाव घेतला. जमीन तव्यासारखी तापलेली आणि दगडासारखी कडक. टिकाव मारला की ठिणगी उडायची आणि हाताला झिणझिण्या यायच्या. मुठीएवढी ढेकळं निघायची. ती टोपल्यानं वाहून, पाणी मारून, चोपून त्यानं ओटा घातला. मधेच सिद्रामप्पा आला, दुसरा टिकाव घेऊन शेजारी खणायला लागला. त्याच्या उरलेल्या बैलालाही पंचशीलानं चुंबक सोडला होता आणि त्याच्यासाठीही ओटा घालायचा होता.

"आधी गाईचा पुरा करू," सिद्रामप्पा म्हणाला. "माझा लई हट्टी हाय. चढायलाच दिवस लावतो."

शेवरी ओट्यावर पुढचे पाय देऊन उभी राहिली. आडवी पडू नये म्हणून दावं आखूड बांधलं. ती बावरायची, मान झटकायची. पंढरी लुगडं खांद्यावर घेऊन तिच्या मानेशी उभा राहायचा. कुट्टीचं काम झालं की तिथंच. उन्हात डोळे मिटायचे, पाय सुजायचे. लोक जाता येता बघायचे.

बरेच दिवस काही फरक दिसला नाही. गाय घासभर खायची आणि सोडायची. पंचशीला सकाळ संध्याकाळ कानाला नळ्या लावायची आणि बापाकडं न बघता निघून जायची.

मग एका संध्याकाळी, ऊन उतरताना, पंढरी गाईच्या मानेला टेकून उभा होता. त्याच्या खांद्याला काहीतरी लागलं. गाईच्या गळ्यातून एक गोळा वर चढत गेला. जबडा एकीकडं सरकला, दुसरीकडं सरकला. पुन्हा सरकला.

"शीला," त्यानं हाक मारली.

ती धावत आली. बघून थांबली. गाय डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती. पंचशीला कानाच्या नळ्या लावायचंच विसरली. बापाच्या शेजारी नुसती उभी राहिली. दोघंही बराच वेळ तो आवाज ऐकत राहिले.

सिद्रामप्पाचा दुसरा बैल मात्र वाचला नाही. तार आधीच पुढं गेली होती.

ते कळलं तेव्हा पंढरी दारात बसून दात घासत होता. सिद्रामप्पा वस्तीच्या वाटेनं येताना दिसला. एकटा, खांद्यावर फावडं. आयुष्यात तो पहिल्यांदा या दारापर्यंत आला होता. सगळ्या वस्तीची दारं उघडली.

"डॉक्टरीणबाई हाय का घरात?"

"हाय. का?"

"बैल गेला. खड्डा खणून झाला. चुना आणलाय." त्यानं फावडं खांद्यावरून खाली टेकवलं. "तो चुंबक कुठवर गेला, तार कुठं हाय, हे तिला बगायचं आसंल. परभणीला सांगायचंय न्हवं तिला. म्हणावं चल. पाय धरायला मी आन् शिद्ध्या हाव."

पंचशीला पदवीच्या पोरींसारखी नाही, लहान पोरीसारखी घाईनं बाहेर आली. हातात मोजे होते. ती आणि सिद्रामप्पा पुढं निघाले. पंढरीनं घरातली घागर उचलली, साबणाची वडी घेतली आणि मागून गेला. तो खड्ड्यापासून लांबच बसला.

काम संपलं, माती लोटून झाली, तेव्हा सिद्रामप्पा कोपरापर्यंत हात लांब धरून त्याच्यासमोर येऊन उकिडवा बसला. पंढरीनं घागर तिरपी केली. सिद्रामप्पानं साबण लावला, हात चोळले, धुतले. परत धुतले. मग उठला नाही. तोंडाला कोरड पडली होती. त्यानं ओंजळ केली आणि तोंडाशी नेली.

पंढरीचा हात घागरीच्या काठावर थांबला.

"वत की," सिद्रामप्पा म्हणाला.

पंढरीनं पाणी ओतलं. सिद्रामप्पा गटागटा पीत राहिला. पाणी त्याच्या कोपरावरून ओघळून तापलेल्या मातीत जिरत होतं.

मागून धुरपताबाई काठी टेकत आली होती. "पंढरी," ती म्हणाली, "सगळं आप्पालाच पाजू नको. पोरीचे हात धुवायचे हायत अजून."